छायाचित्र : विभागीय संग्रह

पाण्याचं बिल आलं की बाकीची माणसं शेवटचा आकडा बघतात, सुस्कारा टाकतात आणि बिल कपाटात सारतात. मीटरनानांचं तसं नव्हतं. पाणीपुरवठा विभागात बत्तीस वर्षं घरोघरचे मीटर वाचलेला माणूस तो. ते बिल पहिल्या ओळीपासून वाचत. मागचं रीडिंग, चालू रीडिंग, तारीख, आणि सगळ्यात शेवटी मीटर वाचणाऱ्याची सही. ती पाहिली की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "हल्ली लोक सही करतात की मुंगी चिरडतात, कळत नाही." एवढं झालं की बिल त्यांच्या बायकोकडे, माईंकडे जायचं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी नानांनी तपासून पास केल्याशिवाय त्या घरातलं एकही बिल भरलं गेलं नव्हतं.

त्या मंगळवारी बिलाच्या घडीतून एक रंगीत पत्रक खाली पडलं. नानांनी ते उचललं, उलटं धरलं, सुलटं धरलं, आणि मटकन खाली बसले. खाली खुर्ची होती हे नशीब.

"अगं, चोरी झाली!"

माई मटार सोलत होत्या. त्या दचकून म्हणाल्या, "कुठे? काय गेलं?"

"माझा फोटो!"

माईंनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. "आहे की जागेवर."

भिंतीवर फोटो होता, आणि पत्रकावरही तोच होता. आता हा फोटो कसला, ते सांगायला हवं. निवृत्तीनंतर नानांनी कॅमेरा घेतला. पुष्कळ माणसं निवृत्तीनंतर काहीतरी घेतात, कोणी पेटी घेतं, कोणी रक्तदाब घेतं. नानांनी कॅमेरा घेतला आणि तिपाईवर लावून ते गल्लोगल्ली हिंडू लागले. शेकड्यांनी फोटो काढले. त्यांतले बहुतेक नळांचे होते, कारण माणूस ज्यात मुरतो तेच त्याला दिसतं. आणि त्या सगळ्या पसाऱ्यात एक फोटो खरोखर उतरला. गल्लीच्या वळणावरचा सार्वजनिक नळ, सकाळचं तिरपं ऊन, ओझं बाजूला ठेवून ओंजळीनं पाणी पिणारा एक हमाल. त्यानं तोंड वर केलंय, डोळे मिटलेत, ओंजळीतून सांडणारं पाणी उन्हात थेंबाथेंबानं सुटं झालंय. तो फोटो पाहिला की पाहणाऱ्याला तहान लागायची. वाचनालयाच्या प्रदर्शनात त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, वाचनालयाच्या वेबसाइटवर तो झळकला, आणि तेव्हापासून, म्हणजे गेली सहा वर्षं, घरी येणाऱ्या प्रत्येक माणसाला तो फोटो बघावा लागे आणि नानांचं व्याख्यान ऐकावं लागे.

व्याख्यानाचा भर डाव्या कोपऱ्यावर असायचा. फोटोत डावीकडे खाली एक काळसर, गोलसर ढीग आहे. पोतं असेल, दगड असेल. येणाऱ्याचं लक्ष हमालाकडे जाई. नाना त्याला ढिगाकडे वळवत. "उजेड काय, कोणीही टिपतो," ते म्हणत. "पण त्याला तोलायला अंधार लागतो. तो ढीग नसता तर फोटो उजवीकडे कलंडला असता. मी मुद्दाम तीन पावलं मागे सरलो, तेव्हा कुठे तो चौकटीत बसला. आणि मग थांबलो. हमालाची ओंजळ उघडेपर्यंत श्वास रोखून थांबलो." पाहुणे मान डोलवत. माई आत निघून जात.

आणि आता विभागाच्या पत्रकावर 'थेंब थेंब मोलाचा' या मथळ्याखाली तो फोटो शहरातल्या घराघरात पोहोचला होता. नानांना कोणी विचारलं नव्हतं. डावा कोपरा कापून तिथे टोल-फ्री नंबर घातला होता. आणि खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, 'छायाचित्र : विभागीय संग्रह'.

नानांना काय लागलं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. पैशांचा प्रश्न नव्हता. त्यांना त्यांचं नाव हवं होतं. बत्तीस वर्षांत त्यांनी लाखभर स्लिपांवर सही केली असेल, पण ती आद्याक्षरांची. छापील नाव म्हणाल तर आयुष्यात दोनदा आलेलं, एकदा लग्नपत्रिकेत आणि एकदा निवृत्तांच्या यादीत, अकराव्या क्रमांकावर. हा फोटो म्हणजे त्यांनी जगात केलेलं असं एकच काम होतं, ज्याच्याखाली नाव शोभलं असतं. त्यांच्याच विभागानं ते खाल्लं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय!

परगावी राहणारी त्यांची लेक छपाईच्या धंद्यात होती. तिला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, पत्रक जपून ठेवा. मूळ फाईल ज्या कार्डावर आहे ते हलवू नका. एक साधं पत्र लिहा, की फोटो माझा आहे, परवानगी घेतली नव्हती, एकतर नाव छापा नाहीतर वापर थांबवा. पंधरा दिवस वाट बघा. ऐकलं नाही तर मग वकिलाची नोटीस. बहुतेक वेळा पत्रावरच मिटतं. आणि बाबा, भांडू नका."

सल्ला चोख होता. चोख आणि फुकट, म्हणून तो कोणी ऐकला नाही.

त्याऐवजी नाना वरच्या मजल्यावर बेलिफांकडे गेले. कोर्टाच्या नोटिसा लोकांच्या दारात नेऊन देण्यात बेलिफांची हयात गेली होती. त्यांनी एकही नोटीस लिहिलेली नव्हती, पण नोटीस हातात पडल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो याचा त्यांच्याइतका अभ्यास कोणाचा नसेल.

"एक पान?" बेलिफ म्हणाले. "नाना, एका पानानं माणूस फक्त चष्मा शोधतो. चार पानं झाली की पाणी मागतो. आपल्याला पाणी मागायला लावायचंय."

"पाणीखात्याला?"

"त्यांनाच."

तीन दिवस खपून दोघांनी चार पानांची नोटीस सिद्ध केली. तीत सतरा मागण्या होत्या. नववी मागणी अशी की, वाटलेली सर्व पत्रकं घरोघरी जाऊन परत गोळा करावीत व तशी पोच घ्यावी. चौदावी अशी की, जबाबदार अधिकाऱ्यानं मूळ छायाचित्रासमोर किमान एक तास उभं राहावं. नानांनी ती माईंना खणखणीत आवाजात वाचून दाखवली.

"सतरा?" माई म्हणाल्या. "मला तर तीनच दिसतात. विचारलं नाही, नाव घातलं नाही आणि कोपरा कापला."

"बाकीच्या वजनासाठी आहेत."

माई आत जायला उठल्या, दारापाशी थांबल्या. मग म्हणाल्या, "ते कोपऱ्याचं काढून टाका ना. राहू दे."

"काढून टाकू? अगं, तोच तर फोटोचा जीव आहे!"

"एकदा नीट बघा तुम्ही तो फोटो."

"मी काय बघायचाय? मी काढलाय तो."

माई आत गेल्या. त्यांनी कुकर लावला.

विभागाच्या कचेरीत नाना ताठ मानेनं शिरले. आवक-जावक टेबलावर एक बाई बसत. सगळे त्यांना आवकबाई म्हणत. नोकरीला लागल्या तेव्हा त्यांना काम नानांनीच शिकवलं होतं. नानांना पाहून त्या उठून उभ्या राहिल्या, खुर्ची दिली, माईंची चौकशी केली, आणि मग नोटीस हातात घेऊन हळहळत म्हणाल्या, "नाना, हे नमुना सातवर नाही."

"अगं, ही नोटीस आहे. हिला कसला नमुना?"

"ग्राहकाचा कुठलाही कागद नमुना सातवर, तीन प्रतींत. तुम्हीच शिकवलंत. 'नियम माणूस पाहत नाही,' असं म्हणायचात."

ते वाक्य नानांचंच होतं. माणसानं तरुणपणी बोललेली वाक्यं म्हातारपणी कोणाच्या तोंडून ऐकावी लागतील, सांगता येत नाही. ते मुकाट घरी आले आणि चार पानं नमुना सातवर उतरवून काढली, तीन प्रतींत. नमुन्यात तक्रारीसाठी पाच ओळी होत्या, म्हणून सत्तावीस पुरवण्या जोडाव्या लागल्या.

दुसऱ्या खेपेला अर्ज घेतला गेला, पण संगणक अडला. "यात तक्रारीचे चारच प्रकार आहेत," आवकबाई म्हणाल्या. "पाणी येत नाही, पाणी गढूळ येतं, मीटर बंद आणि गळती. तुमची कशात घालू?"

"कशातच बसत नाही."

"कशात तरी घातल्याशिवाय नंबर पडत नाही, नाना. शेवटचं घालते."

अशा रीतीनं छायाचित्राच्या अनधिकृत प्रसिद्धीचं प्रकरण गळती म्हणून नोंदलं गेलं. आणि एरवी चार-चार महिने न येणारा विभागाचा फिटर दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता हातात पाना घेऊन दारात हजर झाला.

"गळती कुठंय?"

"गळती नाही. फोटो आहे," नाना म्हणाले.

फिटरनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. फोटोत पाणी सांडत होतं हे त्यालाही नाकारता येईना, पण ते त्याच्या अखत्यारीत नव्हतं. त्यानं न्हाणीघर तपासलं, मोरी तपासली, टाकी तपासली. गळती काही सापडेना. आणि नियम असा होता की, नोंदलेली गळती सापडेपर्यंत इमारतीचा मुख्य कॉक बंद ठेवायचा. हा नियम विभागाला कोणी सुचवला होता, ते नानांनी त्या दिवशी कोणालाही सांगितलं नाही. कॉक बंद झाला. बेलिफ तोंडाला फेस लावलेल्या अवस्थेत जिन्यात आले आणि त्यांनी नानांकडे अशा नजरेनं पाहिलं की, नोटिशीचे सगळे मसुदे त्यात वाहून जावेत. पण वाहायला पाणी नव्हतं. संध्याकाळी सहा वाजता, गळती आढळली नाही असं लिहून घेऊन फिटरनं कॉक उघडला. तोवर खालपासून वरपर्यंत नऊ बिऱ्हाडांनी नानांच्या कलेविषयी आपापलं मत बनवलं होतं.

नानांनी त्या रात्री जेवण टाकलं. माईंना म्हणाले, "लोक हसतात गं. हसू देत. पण एकदा नाव छापून आलं ना, की सगळ्यांची तोंडं बंद." माईंनी पुढ्यातलं ताट तसंच झाकून ठेवलं.

पंधरा दिवसांनी सुनावणीचं पत्र आलं. त्या दिवशी नाना इस्त्रीचा शर्ट घालून, कॅमेऱ्याचं कार्ड छातीच्या खिशात ठेवून निघाले. दारात पाहतात तो माई पिशवी घेऊन तयार.

"तू कुठे?"

"येते मीही."

"तुझं काय काम तिथे?"

"असू दे," माई म्हणाल्या आणि चपला घालून पुढे झाल्या.

सभागृहात लांब टेबल होतं, समोर पांढरा पडदा होता. जनसंपर्क साहेब टक्कल पडलेले, सर्दी झालेले, अतिशय सौम्य गृहस्थ होते. रोज कोणाची ना कोणाची माफी मागणं हेच त्यांचं काम, त्यामुळे त्यांना ते सहज जमायचं. नानांनी घसा खाकरून पहिलं पान उघडलं तोच साहेब म्हणाले, "नाना, चूक आमचीच आहे. पत्रक घाईत निघालं. आमच्या माणसानं वाचनालयाच्या वेबसाइटवरून फोटो उचलला, विचारायचं राहून गेलं. मी विभागातर्फे माफी मागतो. पुढच्या बिलाबरोबर नवीन पत्रक काढतो, आणि खाली तुमचं नाव घालतो. चालेल?"

इथे नानांनी 'चालेल' म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम होतं. नाव छापून येणार होतं, माफी मिळाली होती, आणि घरी जाऊन बेलिफांना मान वर करून तोंड दाखवता आलं असतं. पण ज्या माणसानं सतरा मागण्या लिहिल्यात, त्याला एकीवर समाधान मानायला सांगणं म्हणजे वाढलेल्या ताटावरून उठवणं. नाना म्हणाले, "आणि डावा कोपरा?"

माई पटकन म्हणाल्या, "अहो, पुरे ना."

"थांब गं. साहेब, डावा कोपरा का महत्त्वाचा आहे, ते तुम्हाला मूळ फोटोवरच दाखवतो." आणि त्यांनी खिशातलं कार्ड काढून दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

फोटो पडद्यावर आला. भिंतीएवढा मोठा फोटो नानांनीही कधी पाहिला नव्हता. ते उभे राहिले आणि त्यांनी सहा वर्षांचं व्याख्यान सुरू केलं. अंधार, तोल, तीन पावलं मागे, रोखलेला श्वास. साहेब मन लावून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "छापताना हा भाग फार काळा येईल. जरा उजळून बघू?" आणि त्यांनी फोटोचा उजेड वाढवला.

"नाना," ते नाक पुसत म्हणाले, "हे पोतं नसावं. याला पट्टा आहे."

"पट्टा?"

"कमरेचा."

उजेड आणखी वाढला. पट्ट्याच्या वर रेघारेघांचा शर्ट दिसू लागला. शर्टाला खांद्यापाशी रफू होतं. पुढे एक हात निघाला होता, आणि त्या हातात जमिनीतल्या मीटरच्या पेटीचं झाकण होतं. कोणीतरी ओणवं होऊन दुसऱ्याच्या घराचं मीटर वाचत होतं, आणि त्याचा पृष्ठभाग, सांगायला संकोच वाटतो, पण त्या ढिगाच्या जवळजवळ मध्यभागी होता. तेवढ्यात आवकबाई फाईल घेऊन आत आल्या, पडद्याकडे पाहिलं आणि आनंदानं म्हणाल्या, "अगंबाई, नाना तुम्ही!"

साहेबांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा नानांकडे.

"मी ही पाठ कुठेही ओळखीन," त्या म्हणाल्या. "हिच्या मागे मागे हिंडून तर काम शिकले."

नाना पडद्याकडे बघत राहिले. रफू त्यांच्या ओळखीचं होतं. शर्ट ओळखीचा होता. झाकण उघडं दिसलं की वाकून आकडा पाहायची खोड तर इतकी ओळखीची होती की, ती आपली आहे हे वेगळं पटवून घ्यायची गरजच नव्हती. साहेबांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांनी आपला साधा प्रश्न विचारला, "मग नाना, फोटो काढला कोणी?"

"मी," माई म्हणाल्या.

पिशवी मांडीवर घेऊन त्या टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. आवाज वर गेला नव्हता की खाली आला नव्हता.

"तुम्ही म्हणालात, कॅमेऱ्यापाशी थांब, कोणाचा धक्का लागेल. आणि गेलात. समोरच्या घराचं झाकण उघडं होतं ना. तेवढ्यात तो हमाल आला."

"मग सांगितलं का नाहीस?" नानांच्या तोंडून कसंबसं निघालं.

"सांगितलं होतं. त्याच दिवशी, जेवताना. हमालाचा फोटो मी काढला म्हटलं. तुम्ही 'हं' म्हणालात."

साहेबांनी सर्दीचं निमित्त करून रुमालात तोंड घातलं. आवकबाईंनी फाईल मिटली आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ज्यानं फोटो काढला, हक्क त्याचा. अर्जदार बदलला की आधीचा अर्ज रद्द होतो, नाना. नवीन अर्ज माईंच्या नावानं लागेल. नमुना सात." तीन प्रती त्या म्हणाल्या नाहीत. तेवढी दया त्यांनी दाखवली.

दोघं घरी आली. जिन्यात बेलिफ भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे पक्षकारच बदलला," आणि आणखी काहीतरी कलम सुचवणार होते, पण नानांचा चेहरा पाहून ते वर निघून गेले. नोटीस मिळालेले चेहरे त्यांनी पुष्कळ पाहिले होते, हा त्यांतला नव्हता.

नाना भिंतीवरच्या फोटोसमोर बसून राहिले. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा मोठं काहीतरी होतं ज्याला त्यांना नाव सापडत नव्हतं. तो श्वास रोखल्याचं त्यांना आठवत होतं. खरंच आठवत होतं. सहा वर्षं सांगून सांगून त्यांना ते इतकं आठवायला लागलं होतं की, आता ते कुठे ठेवावं हेच कळेना.

"तू काय केलंस तेव्हा?" त्यांनी विचारलं.

माई पाणी पीत होत्या. पेला ठेवून म्हणाल्या, "आधी त्यानं तोंड धुतलं. तेव्हा नाही दाबलं. मग एक ओंजळ प्यायला, तेव्हा मान खाली होती. मला वाटलं, हा फार तहानलेला आहे, अजून एक घेणार. म्हणून थांबले. दुसरी ओंजळ घेतली आणि त्यानं तोंड वर केलं."

"आणि मी?"

"तुम्ही तिथे वाकला होतात. मला दिसत होतात. म्हटलं, असू देत. त्याचं पाणी आणि तुमचं मीटर, एकाच नळाचं."

नानांनी उठून फोटोतल्या त्या ढिगावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "मी एवढ्या लोकांना सांगत होतो, तेव्हा तुला वाईट वाटायचं?"

"वाटायचं," माई म्हणाल्या. "पहिलं वर्षभर फार वाटायचं. मग सवय झाली. मी आत जायची."

"आणि आज साहेब म्हणाले नाव छापतो, तेव्हाही गप्प राहिलीस."

"तुम्हाला हवं होतं म्हणून."

"तुला नको होतं?"

"मला कोणी विचारलं नव्हतं," माई म्हणाल्या आणि दिवा लावायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी नानांनी स्वतःच्या हातानं माईंचा अर्ज लिहिला. नमुना सात, तीन प्रती. मागण्या दोनच ठेवल्या, फोटो पूर्ण छापावा आणि छायाचित्रकाराचं नाव द्यावं. माईंनी चष्मा लावून तो वाचला. पहिली मागणी राहू दिली, दुसरी खोडली. "नाव कशाला? घरात कळलं, पुष्कळ झालं," म्हणाल्या आणि खाली सही केली. साक्षीदाराच्या रकान्यात नानांनी लिहिलं, 'सदर छायाचित्र मी काढलेले नाही. त्या वेळी मी वाकलेलो होतो.' आणि खाली आद्याक्षरं न टाकता पूर्ण सही केली. तो रकाना भरायला त्यांना पाऊण तास लागला.

महिनाभरानं विभागाचं पत्र आलं. पाकिटावर माईंचं नाव नव्हतं, नानांचं होतं, छापील, पूर्ण. आतला मजकूर असा :

'महोदय, विषयांकित छायाचित्र छायाचित्रकार यांच्या अर्जानुसार पूर्ण स्वरूपात पुनर्प्रसिद्ध करण्याचे ठरले आहे. तथापि, त्याच्या डाव्या भागात दिसणाऱ्या व्यक्तीची ओळख सुनावणीदरम्यान पटली असल्याने, सदर व्यक्तीचा पाठमोरा भाग प्रसिद्ध करण्यास तिची लेखी परवानगी आवश्यक आहे. यापूर्वी परवानगी न घेतल्याने उद्भवलेला प्रसंग लक्षात घेता, आपली परवानगी आहे किंवा कसे, हे सोबतच्या नमुन्यात कळवावे. काही अटी असल्यास त्या नमूद कराव्यात.'

नानांनी पत्र दोनदा वाचलं. म्हणजे एवढा आटापिटा केल्यावर शेवटी विभागानं त्यांची परवानगी मागितली होती, आणि तीही अशा भागासाठी, जो त्यांनी स्वतः आरशातही कधी पाहिलेला नव्हता. हसावं की रडावं, हे त्यांना कळेना. मग ते थोडेसे हसले, एकटेच. नऊ बिऱ्हाडांना आणखी एक विषय मिळणार होता. मिळू दे.

त्यांनी पेन उघडलं. 'परवानगी आहे' असं लिहिलं. मग अटींचा रकाना आला. बेलिफांसोबत सतरा मागण्या लिहिलेला हात होता तो, त्याला एक अट लिहायला कितीसा वेळ लागणार? 'छायाचित्रकाराचे नाव ठळक अक्षरांत छापावे, अन्यथा परवानगी नाही.' वाक्य मनात तयार होतं. त्यांनी 'छाया' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं.

ते उठले आणि आत गेले. माई ओट्यापाशी उभ्या होत्या.

"अगं, ऐक. त्यांना सांगतो की, खाली तुझं नाव घाला. घातलं तरच माझी पाठ छापू देईन." त्यांनी घसा खाकरला. "पण तुला चालणार असेल तरच. चालेल का?"

माईंनी हात पुसले. नानांकडे पाहिलं.

"ठळक नको," त्या म्हणाल्या. "वाचता येईल एवढं असू दे."

नाना परत टेबलाशी आले आणि अटींच्या रकान्यात त्यांनी तेच लिहिलं, शब्दाला शब्द. तीन प्रतींत.